वाकड्या अंगणाच्या बाजूने

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली, त्याचं स्वतःचं अंगण नक्की सपाट असणार. गेली तीन वर्षं मी दर रविवारी सकाळी पुण्यातल्या एका शूटिंग रेंजवर जाते आणि तिथे ही म्हण मला आठवड्याआड तरी ऐकू येते. प्रसंग ठरलेला असतो. नवीन आलेला मुलगा किंवा मुलगी दबक्या आवाजात म्हणते, “सर, पिस्तूल हातात नीट बसत नाहीये.” सर हसतात. आजूबाजूचे चार सीनियर हसतात. मग म्हण येते. मग “आम्ही पण ह्याच पिस्तुलावर शिकलो” येतं. शेवटी “सवय होईल” येतं. तक्रार करणारा गप्प बसतो आणि न बसणारं पिस्तूल पुन्हा उचलतो.

हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे. त्या हसणाऱ्यांत बरेच दिवस मीही होते, म्हणून तो थोडा माझ्याविरुद्धही आहे.

आधी एक खुलासा, कारण ‘पिस्तूल’ शब्द वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. मी बोलतेय ते दहा मीटर एअर पिस्तुलाबद्दल. हवेच्या दाबावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर मारायचा, एका हाताने, उभं राहून. स्पर्धेत ६० शॉट, सव्वा तास. मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. मनू भाकरने २०२४ साली पॅरिसला ज्यात दोन कांस्यपदकं मिळवली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगबरोबर, तोच हा खेळ.

आणि माझा मुद्दा पिस्तुलाच्या मुठीचा आहे. ग्रिपचा. लाकडाचा तो तुकडा, जो एका स्क्रूने निघतो आणि बसतो. तो ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचा असला पाहिजे. ही चैन नाही, लाड नाहीत आणि आळशी खेळाडूची सबबही नाही. मूठ मापाची असणं ही खेळ सुरू होण्याआधीची अट आहे. ही अट न पाळता आपण पोरांना ‘टॅलेंट आहे’ आणि ‘टॅलेंट नाही’ अशा दोन रांगांत उभं करतो, तेव्हा आपण टॅलेंट मोजत नसतो. पंजा मोजत असतो.

आई, ओटा आणि पाट

माझी आई चार फूट दहा इंच आहे. आमच्या फ्लॅटमधला स्वयंपाकाचा ओटा बिल्डरने ‘स्टँडर्ड’ उंचीचा बांधला. आई गेली वीस वर्षं ओट्यापाशी पाट ठेवून त्यावर उभी राहून पोळ्या लाटते. तिच्या पोळ्या उत्तम होतात, त्यामुळे ओटा चुकीचा आहे हे घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिची पाठ दुखते ते ‘वयामुळे’.

आपल्याकडे माप हा शब्द शिंप्यापाशी संपतो. ब्लाउज शिवायला टाकताना छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, सगळी मापं दिली जातात आणि तरी पहिल्यांदा घालून बघितल्यावर “इथे अर्धा इंच सैल करा” असतंच. याला कोणी नखरे म्हणत नाही. क्रिकेटमध्ये बॅटच्या दांड्यावर एकाऐवजी दोन रबरी ग्रिप चढवणाऱ्याला कोणी म्हण ऐकवत नाही. सचिनची बॅट जड होती, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच्या हाताला जे रुचलं ते त्याने घेतलं. मोठ्या खेळाडूने माप मागितलं की ती ‘पसंती’ असते. पहिल्या महिन्यातल्या पोरीने मागितलं की ती ‘सबब’ असते. फरक मापात नाही, मागणाऱ्याच्या वजनात आहे.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

आता गणित. मी इंजिनियर आहे, त्यामुळे हा भाग मला टाळता येणार नाही. दोन परिच्छेद सहन करा.

एअर पिस्तुलाला दोन साइट असतात. मागे चौकोनी खाच, पुढे उभी पट्टी. पट्टी खाचेच्या बरोबर मध्ये आणि वरच्या कडेला समतल दिसली की नेम जुळला. या दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. टार्गेट दहा मीटरवर. म्हणजे पुढची पट्टी खाचेच्या मानाने एक मिलिमीटर सरकली, तर टार्गेटवर चूक साधारण तीसपट होते: ३० मिलिमीटर. इतक्या चुकीला दहाऐवजी सात मिळतात. अर्धा मिलिमीटर सरकली तर १५ मिलिमीटर, म्हणजे नऊ. अर्धा मिलिमीटर डोळ्याला धड दिसतही नाही.

याउलट साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत, पण आख्खा हातच पाच मिलिमीटर इकडे-तिकडे डुलतोय, तर छर्राही साधारण पाचच मिलिमीटर सरकतो, आणि तेवढ्यात तो अजून दहाच्या वर्तुळाला शिवतो. म्हणजे हाताचं डुलणं या खेळात माफ आहे. मनगटाचं वळणं माफ नाही. नवशिक्याला वाटतं की आपला हात थरथरतो म्हणून शॉट जातात. बहुतेक वेळा हात थरथरतो म्हणून नाही, पिस्तूल हातात वळतं म्हणून जातात.

आणि पिस्तूल हातात का वळतं? दोन कारणं मोठी. एक, मनगट घट्ट नाही. दोन, मूठ हाताची नाही. पहिल्या कारणासाठी व्यायाम आहे, सराव आहे, सर आहेत. दुसऱ्या कारणासाठी आपल्याकडे एक म्हण आहे.

‘बसणं’ म्हणजे काय

‘नीट बसत नाही’ ही तक्रार मोघम वाटते. ती मोघम नाही. तिचे चार-पाच नेमके भाग पाडता येतात, आणि प्रत्येक भाग दोन मिनिटांत तपासता येतो.

पहिला भाग बोटाचा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मऊ भाग ट्रिगरवर यायला हवा, आणि उरलेलं बोट पिस्तुलाच्या अंगाला न टेकता मोकळं राहायला हवं. मूठ मोठी असेल तर बोट पोचतच नाही, फक्त टोक टेकतं, आणि ट्रिगर सरळ मागे ओढला जाण्याऐवजी तिरका ढकलला जातो. मूठ लहान असेल तर बोट जास्त आत जातं आणि उलट्या बाजूला ओढ बसते. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम वजन लागतं. अर्धा किलो जोर तिरका लागला, तर अर्धा मिलिमीटर कुठे हरवला याचं आश्चर्य वाटायला नको.

दुसरा भाग मधल्या बोटाचा. ते ट्रिगर-गार्डच्या खाली वर चिकटून बसायला हवं. मध्ये फट राहिली की पिस्तूल प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर पकडलं जातं.

तिसरा भाग तळव्याचा. तळहाताच्या पोकळीत मुठीचा फुगवटा भरून बसायला हवा. तिथे पोकळी राहिली तर ती भरून काढायला बोटं जास्त आवळली जातात. आवळलेली बोटं म्हणजे थरथर.

चौथा भाग खालच्या फळीचा, म्हणजे पाम शेल्फचा. ती स्क्रूने वर-खाली होते. हाताची कड तिच्यावर हलकी टेकायला हवी. फार वर चढवली तर हात शिकंज्यात सापडल्यासारखा होतो, फार खाली ठेवली तर तिचा उपयोगच नाही.

पाचवा भाग कोनाचा, आणि ही परीक्षा मला सगळ्यात आवडते. रिकामं पिस्तूल घ्या, डोळे मिटा, हात उचलून नेहमीच्या उंचीवर न्या, मग डोळे उघडा. साइट आपोआप जुळलेल्या दिसल्या, तर मूठ तुमची. पट्टी दर वेळी डावीकडेच दिसत असेल किंवा दर वेळी वरच तरंगत असेल, तर ती चूक तुमची नाही. मुठीचा कोन तुमच्या मनगटाच्या कोनाशी जुळत नाहीये. तुम्ही दर शॉटला मनगट मुरडून ती चूक दुरुस्त करताय. ६० शॉट, सव्वा तास. चाळिसाव्या शॉटला मनगट थकतं आणि मुरडणं सोडून देतं. मग सर म्हणतात, “शेवटी तुझं लक्ष उडतं.”

दोन वर्षं मला हेच सांगितलं गेलं. माझा पंजा लहान आहे. क्लबची सगळी पिस्तुलं मीडियम, उजव्या हाताची. शेवटच्या वीस शॉटमध्ये माझे छर्रे डावीकडे खाली घसरायचे. मी लक्ष सुधारण्यासाठी ध्यान केलं, कॉफी सोडली, मोबाइलवर श्वासाचं ॲप घेतलं. सगळं केलं, फक्त हात मोजला नाही. ऑफिसमध्ये कुणी आमच्या ॲपमध्ये चुकीचं बटण दाबलं की आम्ही ‘युजर एरर’ म्हणून तिकीट बंद करतो. रेंजवर मी स्वतःचंच तिकीट तसं बंद करत होते.

चाळीस रुपयांची पुटी

उपाय इतका साधा निघाला की रागच आला. क्लबमध्ये अधूनमधून येणारे एक निवृत्त काका आहेत, कारखान्यात पॅटर्नमेकर होते. त्यांनी माझा हात बघितला, डोळे मिटून पिस्तूल उचलायला लावलं, दोनदा ‘हं’ म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी कानस, पॉलिश पेपर आणि एम-सीलची पाकिटं आणली. होय, नळ गळतो तेव्हा आपण लावतो तेच एम-सील.

ग्रिप काढून बाजूला घेतली. पिस्तुलाच्या आतल्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही, ट्रिगरला तर मुळीच नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. मागच्या बाजूचं लाकूड कानशीने दीड-दोन मिलिमीटर उतरवलं, म्हणजे बोट ट्रिगरपर्यंत पोचेल. ट्रिगर पुढे-मागे सरकवायची सोय पिस्तुलात होतीच. ती आजवर कोणी वापरली नव्हती. तळव्याच्या पोकळीत पुटीचा पातळ थर दिला. हाताला प्लॅस्टिकचा पातळ हातमोजा घालून, नेहमीच्या पकडीत ग्रिप धरली आणि माझ्याच तळव्याचा ठसा त्यात उमटवला. रात्रभर सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने कडा मारल्या. दोन आठवडे त्यावर नेमबाजी, मग जिथे टोचतं तिथे घासायचं, जिथे पोकळ वाटतं तिथे भरायचं. काका म्हणाले, “एकदम सगळं करायचं नाही. एक बदल, शंभर शॉट, मग दुसरा.” इतकी चांगली डीबगिंगची व्याख्या मला चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये कोणी सांगितली नव्हती.

खर्च: पुटीचे चाळीसेक रुपये, पॉलिश पेपरचे वीस, आणि काकांचा चहा. परिणाम: मी ऑलिंपिकला गेले नाही. माझा स्कोअर सहाशेपैकी ५२० च्या आसपास असायचा, तो चार-पाच महिन्यांत ५४० च्या वर गेला. त्यातला किती ग्रिपमुळे आणि किती सरावामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक गोष्ट सांगू शकते. शेवटचे वीस शॉट डावीकडे घसरायचे थांबले. माझं ‘उडणारं लक्ष’ दीड मिलिमीटर लाकडाएवढं होतं.

नियमांना कळतं, आपल्याला कळत नाही

कोणी म्हणेल, असं लाकूड तासून, पुटी लावून हात आरामात बसवायचा असेल तर मग खेळ कसला? ही तर फसवणूक.

या प्रश्नाचं उत्तर खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी कधीच देऊन ठेवलंय, आणि मला ते उत्तर फार शहाणपणाचं वाटतं. पिस्तुलाचं वजन दीड किलोपेक्षा जास्त नको. आख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे. मूठ हाताच्या पलीकडे जाऊन कशालाही टेकता कामा नये. मनगट मोकळं आणि दिसतं राहिलं पाहिजे. पिस्तूल धरलेल्या हातात घड्याळ किंवा बँडसुद्धा चालत नाही. मुठीने हाताला वेढा घालायचा नाही. खालची फळी वरच्या दिशेला वळवायची नाही. चिकटणारा पदार्थ लावायचा नाही. या चौकटीत तुमच्या हाताच्या आकाराची मूठ घडवा, हवी तेवढी.

म्हणजे नियमांनी रेघ नेमकी ओढलीय. आधार देणं चूक, माप देणं बरोबर. मुठीने तुमचं काम करायचं नाही. तुमच्या कामाच्या आड यायचं नाही. हा फरक ज्यांनी नियम लिहिले त्यांना कळला. एकेकाळी पन्नास मीटरच्या फ्री पिस्तूल प्रकारात तर आख्ख्या पंज्याला वेढणारी मूठ चालायची. २०१६ च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला. पण हाताच्या मापाची मूठ नियमातच आहे. जगातल्या मोठ्या कंपन्या स्मॉल, मीडियम, लार्ज, डावी, उजवी अशा वेगवेगळ्या ग्रिप विकतात. मोरिनीच्या लाकडी ग्रिप इतक्या नावाजलेल्या आहेत की दुसऱ्या कंपन्यांच्या पिस्तुलांवरही बसवल्या जातात. इटली, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी इथल्या कारखान्यांना जे वर्षानुवर्षं माहीत आहे, ते आपल्या क्लबच्या कपाटापर्यंत येता येता ‘मीडियम, राइट’ एवढंच उरतं. कारण ऑर्डर देणाऱ्याला ते सगळ्यात सेफ वाटतं. सगळ्यांना थोडं-थोडं न बसणारं माप हे कागदावर नेहमीच सेफ असतं.

तीन उत्तरं, जी मी ऐकून आहे

पहिलं उत्तर: “मोठे खेळाडू कशावरही मारतात.” आणि मग कारोली टाकाचची गोष्ट येते. हंगेरीचा हा नेमबाज, १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ लंडन, १९५२ हेलसिंकी अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकला. गोष्ट खरी आहे आणि मलाही ती वाचून भरून येतं. पण तिचा अर्थ काय? माणूस प्रचंड संकटातून उभा राहू शकतो, हा. म्हणून आपण पोरांच्या वाट्याला मुद्दाम संकट द्यावं, हा नव्हे. टाकाचचा हात स्फोटाने घेतला. आमच्या पोरांचा हात खरेदी समितीने घेतला. या दोन्हींना एकच प्रेरणादायी व्हिडिओ पुरत नाही.

दुसरं उत्तर: “हे सगळं पैसेवाल्यांचं.” हे उत्तर मला सर्वांत जास्त चीड आणतं, कारण ते गरिबांची बाजू घेतल्यासारखं दिसतं. खरं बघा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो लाखाच्या वरचं स्वतःचं पिस्तूल मागवतो आणि ऑर्डर देतानाच हाताचं माप देतो. त्याचा प्रश्न पहिल्याच महिन्यात सुटतो. क्लबच्या पिस्तुलावर कोण राहतं? ज्याच्याकडे पैसे नाहीत तो. म्हणजे मापाची मूठ आज आधीच पैसेवाल्यांची आहे. ती चाळीस रुपयांत सगळ्यांची होऊ शकते, एवढंच मी म्हणतेय. ‘चैन’ म्हणून ती नाकारली की ती चैनच राहते.

तिसरं उत्तर: “साधनांच्या नादी लागला की सराव सुटतो.” यात तथ्य आहे. मी असे लोक पाहिलेत. दर महिन्याला नवा चष्मा, नवे बूट, नवी ग्रिप, आणि सरावाला मात्र महिन्यातून दोनदा. अंगण सपाट करता करता नाचायचं राहून गेलेले. पण या रोगावरचं औषध ‘मापच नको’ हे नाही. औषध आहे: पहिल्याच महिन्यात माप नीट करा, लिहून ठेवा, आणि मग विसरून जा. हातात नीट बसलेल्या वस्तूचा गुण हाच की ती आठवत नाही. जी बसत नाही, तीच दिवसभर डोक्यात राहते.

आणि एक आठवण. २०२१ साली टोकियोत पात्रता फेरीच्या मध्येच मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. मोलाची मिनिटं गेली. ती ५७५ गुणांवर, बाराव्या स्थानावर राहिली. त्या आठवड्यात आपण काय केलं? मोबाइलवर बसून तिच्या ‘सबबी’ मोजल्या. ज्यांनी आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नव्हतं, त्यांनीही हीच म्हण टाइप केली. तीन वर्षांनी पदकं आली तेव्हा तीच बोटं टाळ्यांचे इमोजी टाकत होती. टोकियोत अंगण खरंच वाकडं झालं होतं. एवढं साधं वाक्य मान्य करायला आपल्याला पदक लागलं.

ती मुलगी

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसनंतर, आमच्या रेंजवर गर्दी झाली. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणलं होतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांच्यामागून आता त्याचंही नाव घरोघरी गेलं. आईबाप पोरांना घेऊन येत होते. त्यात एक बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. वडील रिक्षा चालवायचे, रविवारी सकाळची पहिली फेरी सोडून तिला आणायचे. मुलगी डावखुरी होती.

क्लबकडे डाव्या हाताची एकही ग्रिप नव्हती. उजव्या हाताची ग्रिप डाव्या हातात धरताच येत नाही. अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला येतो. तर तिला सांगितलं गेलं, उजव्या हाताने मार. तिने मारलं. तिचा नेमाचा डोळाही डावा होता. म्हणजे उजव्या हातात पिस्तूल, डाव्या डोळ्याने नेम, मान तिरकी. चौथ्या-पाचव्या रविवारी ती माझ्या शेजारच्या लेनवर होती. तिने मला विचारलं, “ताई, हे डाव्या हातात बसेल असं नाही का मिळत?”

तोवर माझी ग्रिप होऊन वर्ष झालं होतं. पुटी, कानस, मिलिमीटर, सगळं मला माहीत होतं. आणि मी काय म्हणाले? “अगं, आधी बेसिक तर येऊ दे. सवय होईल.” म्हण म्हणाले नाही, पण अर्थ तोच. का म्हणाले? माझा सराव चालू होता, घाई होती. आणि आत कुठेतरी असंही असेल की मी दोन वर्षं सोसलं, तर हिनेही थोडं सोसावं. सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोसणं न्याय्य वाटायला लागतं. आमच्या रेंजवरचे हसणारे सीनियर दुष्ट नाहीत. ते सगळे सोसून आलेले आहेत.

डिसेंबरमध्ये क्लबने नवीन मुलांची चाचणी घेतली. ती खालून तिसरी आली. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे शेरा आहे: ‘एकाग्रता कमी’. जानेवारीपासून ती आली नाही.

मागण्या

मला सरकारकडून काही नको, लोकवर्गणी नको, चळवळ नको. पिस्तुलाची रेंज चालवणाऱ्या प्रत्येक क्लबने चार गोष्टी कराव्यात.

पहिल्या दिवशी हात मोजा. पंज्याची लांबी, कुठला हात, कुठला डोळा. एक फुटपट्टी आणि पाच मिनिटं लागतात. डोळे मिटून पिस्तूल उचलायची परीक्षा प्रत्येकाची घ्या आणि काय दिसलं ते रजिस्टरमध्ये लिहा.

क्लबच्या कपाटात दोन ग्रिप तरी वेगळ्या ठेवा: एक स्मॉल, एक डावी. पिस्तूल तेच राहतं, फक्त लाकूड बदलतं.

एक डबा ठेवा, ज्यात कानस, पॉलिश पेपर, पुटी आणि हातमोजे असतील. ज्याला घासता येतं अशा एका माणसाला महिन्यातला एक रविवार द्या. असा माणूस प्रत्येक गावात असतो. सुतार असतो, पॅटर्नमेकर असतो, मूर्तिकार तर असतोच. त्याला बोलवा आणि मान द्या.

आणि ज्या मुलाची मूठ तपासलेली नाही, त्याची चाचणी घेऊ नका. घेतलीत तर निकालापुढे शेरा लिहू नका. ‘एकाग्रता कमी’ लिहायला दोन सेकंद लागतात आणि तेरा वर्षांच्या मुलीला ते खोटं आहे हे कळायला पुरावा नसतो.

गेल्या महिन्यात मी एका मैत्रिणीच्या ऑफिसमधल्या थ्रीडी प्रिंटरवर डाव्या हाताची ग्रिप छापून घेतली. उजवीचं मॉडेल कॉम्प्युटरवर आरशासारखं उलटं करणं एका बटणाचं काम होतं. पण पिस्तुलाची सांगाडपट्टी उलटी होत नाही, त्यामुळे आतली खाच तीनदा चुकली. चौथ्यांदा बसली. काकांनी तिच्यावरून हात फिरवला, दोनदा ‘हं’ म्हणाले, आणि अंगठ्यापाशी थोडी घासून दिली.

मग मी रजिस्टरमधून नंबर काढून फोन केला. तिच्या वडिलांनी उचलला. रविवारी आता तिला क्लास असतो, म्हणाले, स्कॉलरशिपचा. विचारून सांगतो म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “मॅडम, पण तिला ते जमत नव्हतं ना?”

मी म्हणाले, “नाही दादा. आमचं पिस्तूल तिच्या हाताचं नव्हतं.”

ते काही बोलले नाहीत. रिक्षाचा आवाज येत होता. ग्रिप कपाटात वरच्या खणात ठेवलीय, तिच्यावर चिठ्ठी चिकटवलीय: ‘डावी. लहान. तयार.’